आधी नीट बघ, मग उचल

मी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचा मजकूर नीट करते. पुण्यातल्या एका लहानशा प्रकाशनसंस्थेत जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघतात. त्यांचा संगणकावर उतरवलेला मजकूर मांडणीला जाण्याआधी माझ्या हाताखालून जातो. कुठे शब्द मधोमध तुटलेला, कुठे रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर, कुठे अवतरणचिन्ह उघडलेलं पण मिटलेलं नाही. ही सगळी डागडुजी मी विम नावाच्या एडिटरमध्ये करते. त्याला माउस लागत नाही. शब्द, वाक्य, परिच्छेद, कंसातला मजकूर, जे हवं ते कळफलकावरूनच उचलायचं, हलवायचं, बदलायचं. ऑफिसात नव्याने आलेली मुलं मागे उभी राहून बघतात आणि विचारतात, "मॅडम, हे कुठे शिकलात?" मी गावाचं नाव सांगते. पण तेवढ्यावर थांबले तर इतर तिघा-चौघांवर अन्याय होईल, आणि ज्यांच्यामुळे त्या बाकीच्यांपर्यंत मी पोचले त्यांच्यावर सगळ्यात जास्त.

त्या म्हणजे ताई. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी सांगली जिल्ह्यातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमाला होते. संगणकाच्या लॅबमध्ये एक युनिक्सचं मशीन होतं आणि त्याला जोडलेली टर्मिनलं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. ताई तिथे लॅब असिस्टंट होत्या. शिकवणं त्यांचं काम नव्हतं. हजेरी, फ्लॉप्या, बंद पडलेलं टर्मिनल, पावसात गळणारी खिडकी, हे त्यांचं खातं. पण त्याआधी बरीच वर्षं त्यांनी बाजारपेठेत एका माडीवर टायपिंग इन्स्टिट्यूट चालवलं होतं. मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या, म्हणजे तिसाच्या आणि चाळिसाच्या, परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींच्या कितीतरी तुकड्या त्यांनी तयार केल्या होत्या. तिथे सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून आम्हीही ताईच म्हणायचो.

मी तासगावच्या पलीकडच्या खेड्यातून आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात. लॅबमध्ये शहरातली मुलं इंग्रजीत भराभर बोलायची, मी गप्प असायचे. माझ्याजवळ एकच गोष्ट होती. तालुक्याला जाऊन येऊन मी मराठी टायपिंगची तिसाची परीक्षा दिली होती. ताईंनी माझी बोटं कळफलकावर कशी पडतात ते नुसतं पाहिलं आणि ओळखलं. "कुठल्या इन्स्टिट्यूटची गं तू?" हा त्यांचा मला पहिला प्रश्न. त्या लॅबमध्ये मला काही येतं असं गृहीत धरून कुणी विचारलेलाही तो पहिलाच.

सी भाषेतले प्रोग्रॅम आम्ही व्ही-आय या एडिटरमध्ये लिहायचो. चुकलेला शब्द खोडायचा तर एक्सची कळ, एका दाबीला एक अक्षर. सगळा वर्ग तसंच करायचा, कारण पाठ्यक्रमाच्या झेरॉक्सवर तेवढंच होतं. ताई मागून येऊन म्हणाल्या, "अक्षरं काय वेचत बसलीस? तुला काय घालवायचंय? शब्द ना? मग शब्द म्हण." आणि त्यांनी डी आणि डब्ल्यू या दोन कळा दाबल्या. शब्द गेला. डी म्हणजे काढून टाक, डब्ल्यू म्हणजे इथून पुढचा शब्द. डब्ल्यूच्या जागी उजवा गोल कंस दाबला तर वाक्याच्या शेवटापर्यंत, उजवा महिरपी कंस दाबला तर परिच्छेदाच्या शेवटापर्यंत, टक्क्याचं चिन्ह दाबलं तर कर्सरखालच्या कंसापासून त्याच्या जोडीदार कंसापर्यंत. आणि डीच्या जागी सी घेतला तर तोच तुकडा काढून लगेच नवा लिहायला सुरुवात, वाय घेतला तर नुसती नक्कल. थोड्या क्रिया, थोडी परिमाणं. कुठलीही क्रिया कुठल्याही परिमाणाला लावायची. ताईंनी हे मला तासाभरात दाखवलं आणि पुढची कित्येक वर्षं ते मला पुरलं.

त्या व्ही-आयची एक गोष्ट आजच्या मुलांना सांगितली की नवल वाटतं. निवडलेला भाग तिथे रंगून दिसत नसे. आज आपण माउस ओढला की मजकुरावर निळा पट्टा येतो, कमी-जास्त झालं तर पुन्हा ओढता येतो. तिथे पट्टा नाही. डी दाबून महिरपी कंस दाबला की परिच्छेद गेलाच. परत आणायची सोय होती, पण एकाच पावलाची. म्हणजे जे उचलायचं आहे ते कुठून कुठपर्यंत आहे, हे कळ दाबण्याआधी डोक्यात पक्कं असावं लागे. लांबचा तुकडा असेल तर खूण करायची. एम आणि मग ए दाबलं की त्या जागेला ए नावाची खूण. मग दुसऱ्या टोकाला जायचं आणि डी दाबून खुणेचं नाव सांगायचं, की मधलं सगळं निघालं. खुणेची टोकं दोनच, पण ती बरोबर लागायला मधला मजकूर वाचलेला असावा लागायचा. ताईंचं पालुपद ठरलेलं होतं, "आधी नीट बघ, मग उचल." मी संपादनाचं काम करते त्यातलं जे काही मला खरोखर येतं ते या पाच शब्दांत आहे, असं मला मनापासून वाटतं. कुठून कुठपर्यंत हे ज्याला दिसलं नाही, त्याने मजकुराला हात लावू नये.

ही रीत अशी का पडली, हे मला फार नंतर समजलं. युनिक्सवर मुळात बेल लॅब्जच्या केन थॉम्प्सन यांचा ईडी हा एडिटर होता. तो ओळीच्या क्रमांकावर चालायचा आणि आपण होऊन काहीच दाखवायचा नाही. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजमधले जॉर्ज कुलुरिस यांनी त्यात सुधारणा करून ओळ पडद्यावर समोर ठेवून बदलता येईल असा ईएम तयार केला आणि त्याचं नाव 'एडिटर फॉर मॉर्टल्स' ठेवलं. साध्या मर्त्य माणसांसाठी. 1976 च्या उन्हाळ्यात ते बर्कलेला गेले तेव्हा तो बरोबर घेऊन गेले. तिथे बिल जॉय या विद्यार्थ्याने तो पाहिला. चक हेली आणि जॉय यांनी त्यावर पुढे काम केलं, त्यातून ईएक्स झाला, आणि ईएक्सचं पडदाभर मजकूर दाखवणारं रूप म्हणजे व्ही-आय. जॉय घरून 300 बॉडच्या मोडेमवर काम करत. सेकंदाला साधारण 30 अक्षरं. 24 ओळी आणि दर ओळीत 80 अक्षरं असलेला पडदा एकदा पूर्ण रंगवायचा तर मिनिटाहून जास्त वेळ. अशा तारेवर काम करणारा माणूस लांबलचक हुकूम कशाला ठेवील? म्हणून एकेका अक्षराचे हुकूम. त्यांच्यासमोरचं टर्मिनल लीअर सीग्लर कंपनीचं एडीएम-3ए होतं. त्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल याच कळांवर बाण छापलेले होते, आणि एस्केपची कळ आज टॅब असते तिथे होती. एस्केपसाठी माझी करंगळी आज लांब जाते, त्यांची तेव्हा शेजारीच वळत होती. ताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. टायपिंगच्या शिस्तीत वाढलेल्या त्यांच्या बोटांना मात्र ते आपसूक पटलं होतं, कारण या एडिटरमध्ये बोटं आपली ओळ सोडत नाहीत.

इथे न्यायाने दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. ज्या कट-कॉपी-पेस्टवर सगळं जग चालतं, ते झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्याला जिप्सी नावाच्या एडिटरमध्ये घडवलं. तो जिन या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकाच्या संपादकांसाठी केलेला होता, म्हणजे माझ्याच जातीच्या कामगारांसाठी. टेस्लरना एडिटरमधल्या वेगवेगळ्या अवस्था मान्य नव्हत्या. एकच कळ कधी अक्षर उमटवते आणि कधी हुकूम होते, याने माणूस गोंधळतो असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही 'नो मोड्स' होतं. त्यांचं म्हणणं बहुतेक माणसांच्या बाबतीत खरं आहे. 2020 मध्ये ते गेले. माझ्या मैत्रिणी, माझी भाची, आमचे लेखक, सगळे त्यांच्या वाटेने लिहितात आणि सुखाने लिहितात. दिवसाचे सात-आठ तास दुसऱ्याचा मजकूर उलटसुलट करणाऱ्याची गरज मात्र वेगळी असते. माझ्या कामात नवं लिहिणं थोडं आणि लिहिलेलं हलवणं फार.

पुण्याला नोकरीला आले तेव्हा लिनक्सवर विम मिळालं. ताईंनी दिलेलं सगळं त्यात होतंच, वर आणखी बरंच होतं. विम हे ब्राम मोलेनार या डच अभियंत्याचं. त्यांच्याकडे अमिगा संगणक होता, आणि त्यावर व्ही-आय नव्हतं. टिम थॉम्प्सन यांनी अटारीसाठी केलेल्या स्टीव्ही या व्ही-आयच्या नकलेचं अमिगावरचं रूप घेऊन त्यांनी काम सुरू केलं आणि 1991 मध्ये पहिल्यांदा लोकांना दिलं. पुढे तीस वर्षांहून जास्त ते त्यावर काम करत राहिले. विममध्ये निवड दिसते. व्ही दाबून सुरुवात करायची, कर्सर नेऊ तिथवर मजकूर रंगत जातो. शेवटाला पोचल्यावर सुरुवातीचं टोक एक शब्द अलीकडे हवं होतं असं वाटलं, तर ओ दाबायचा. कर्सर उडी मारून त्या टोकाला जातो, ते सरकवायचं, पुन्हा ओ, पुन्हा या टोकाला. कंट्रोल-व्ही दाबलं तर उभा पट्टा निवडता येतो. अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे तेवढेच अख्खे उचलायचे असतील तर याच्याइतकं हाताशी येणारं दुसरं साधन मी पाहिलेलं नाही.

पण माझा जीव आहे तो 'आतलं' आणि 'सगळं' या जोडीवर. समजा जुन्या कादंबरीतलं वाक्य आहे: तो म्हणाला, "मी उद्या सकाळच्या गाडीने येईन." कर्सर 'सकाळच्या'वर आहे. सी, आय आणि अवतरणचिन्ह एवढं दाबलं की दोन्ही चिन्हं जागच्या जागी राहतात, आतलं बोलणं निघून जातं आणि कर्सर तिथे लिहायला तयार उभा राहतो. सुरुवातीला जावं लागत नाही, शेवट शोधावा लागत नाही. आयच्या जागी ए घेतला तर चिन्हांसकट सगळं. हेच कंसांना, हेच परिच्छेदाला, हेच शब्दाला. यासाठी मी मजकूर शेवटपर्यंत साध्या, सरळ अवतरणचिन्हांत ठेवते. वळणदार चिन्हांशी ही जोडी चालत नाही, म्हणून ती मांडणीच्या वेळी येतात. आणि एकदा केलेला बदल पुढच्या जागी जसाच्या तसा हवा असेल तर नुसतं टिंब.

मराठीत हे सगळं बसवताना मात्र वेगळी मेहनत पडली. संगणकाचा मराठी कळफलक चालू ठेवून लिहिलं आणि एस्केप दाबलं, तर हुकूमही मराठीतच जातात. इन्स्क्रिप्टमध्ये एच, जे, के, एल या कळांवर प, र, क, त आहेत, आणि 'प' म्हटल्यावर कर्सर डावीकडे न्यायचा हे विमला कुणी सांगितलेलं नाही. यावर विममध्येच केमॅपची सोय आहे. एक साधी फाइल, दर ओळीत डावीकडे कळ आणि उजवीकडे अक्षर. ती मी बसून तयार केली. आता लिहिताना मराठी उमटतं, एस्केप दाबताच कळा रोमन होतात. एवढंच नाही, एफ दाबून 'या ओळीत पुढचा ळ कुठे' असं विचारायचं असेल तर ते एक अक्षर पुन्हा मराठीत घेतलं जातं. मराठी कधी न वाचणाऱ्या माणसांनी एवढी जागा मोकळी ठेवली होती, हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी फार भारावून गेले होते.

आणि इथेच ताईंचं जुनं वाक्य नव्याने उलगडलं. 'क्षेत्र' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा. माझ्या विममध्ये कर्सर त्यात चार ठिकाणी थांबतो: क्, षे, त्, र. पहिल्या थांब्यावर एक्स दाबला तर पाय मोडका क् जातो आणि मागे 'षेत्र' उरतं. बऱ्याच टर्मिनलांत जोडाक्षरं नीट जुळलेलीही दिसत नाहीत. म्हणजे मराठीत अक्षर-अक्षर वेचत दुरुस्ती करणं हे अडखळण्याचंच काम. भरवशाचं सगळ्यात लहान माप म्हणजे अख्खा शब्द. सी, आय, डब्ल्यू, आणि शब्द पुन्हा लिही. 'अक्षरं काय वेचत बसलीस' हे ताई सी भाषेच्या प्रोग्रॅमवर म्हणाल्या होत्या, पण ते मराठीच्या मजकुरालाच जास्त लागू पडलं.

एक प्रकार जवळून सांगते, कारण माझ्या महिन्याभराच्या कामातला मोठा वाटा यात जातो. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' यांतला ऱ्य युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे एक न दिसणारा, शून्य रुंदीचा सांधा. कागदावर दोन्ही सारखेच. पण शोधताना एक तऱ्हा दिली तर दुसरी सापडत नाही, आणि जुन्या फाँटांतून रूपांतरित झालेल्या फाइलींत एकाच पानावर दोन्ही असतात. इतर बऱ्याच एडिटरांत तो सांधा दिसतच नाही. विममध्ये तो कोनी कंसात 200डी असा उघडा पडतो. डब्ल्यूने शब्दाशब्दाने पुढे जात असले तर पाऊल शब्दाच्या पोटातच अडतं, आणि आय-डब्ल्यूने शब्द उचलायला गेलं तर 'दुसऱ्या'चा नुसता एक तुकडा हाती येतो. हात अडला की समजायचं, इथे आत काहीतरी आहे. मुद्रितशोधकाच्या नजरेतून जे सुटतं, ते निवडताना बोटांना कळतं. मग एकदा सगळीकडे शोधून बदलायचं आणि पुन्हा शब्दाशब्दाने चालून बघायचं.

मध्यंतरी मी काकून हा एडिटरही वापरून पाहिला. मॅक्सिम कॉस्त यांनी 2011 मध्ये सुरू केलेला. त्यात क्रम उलटा आहे. आधी निवड, मग क्रिया. शब्दावरून पुढे गेलं की तो शब्द रंगलेला दिसतो, आणि मग काय करायचं ते सांगायचं. सगळी फाइल निवडून त्यात 'एवढंच ठेव' म्हटलं तर शेकडो जागा एकदम निवडल्या जातात आणि सगळीकडे एकाच वेळी लिहिता येतं. मला तो फार शहाणा वाटला. ताई बोलायच्या तेही याच क्रमाने: हा परिच्छेद, उचल. ते वाक्य, खाली ने. माझी बोटं व्ही-आयच्या क्रमात मुरलेली आहेत म्हणून मी विममध्येच राहिले, पण नव्याने शिकणाऱ्याला मी काकून दाखवते.

ब्राम मोलेनार यांच्याबद्दल अजून सांगायचं आहे. विम फुकट आहे. उघडल्यावर पहिल्या पानावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, असं लिहिलेलं मी वर्षानुवर्षं पाहत आले. 1994 मध्ये ब्राम एक वर्ष दक्षिण युगांडात, टांझानियाच्या सीमेकडच्या किबाले इथल्या मुलांच्या केंद्रात स्वयंसेवक होते. पाण्याच्या आणि स्वच्छतेच्या कामावर. एड्सने त्या भागातली पुष्कळ मुलं आईबापांविना झाली होती. परतल्यावर त्यांनी त्या केंद्रासाठी आयसीसीएफ हॉलंड ही संस्था काढली, आणि विम आवडलं असेल तर पैसे मला नको, तिकडे द्या, असं वापरणाऱ्यांना सांगितलं. 3 ऑगस्ट 2023 रोजी ते गेले. वय 62. बातमी वाचली तेव्हा माझ्यासमोर एक कवितासंग्रह उघडा होता. त्या दिवशी मी प्रत्येक हुकूम सावकाश दिला, एवढंच आठवतं. जानेवारी 2024 मध्ये आलेली 9.1 ही आवृत्ती त्यांच्या स्मृतीला वाहिलेली आहे.

ताई आता निवृत्त आहेत, मिरजेला मुलाकडे असतात. गेल्या पावसाळ्यात मी ऑफिसातल्या मुलांसाठी एक पुस्तिका लिहायला घेतली: मराठी मजकूर विममध्ये कसा निवडावा, हलवावा, बदलावा. पहिल्या पानावर ताईंचं नाव आणि अर्पणाच्या दोन ओळी लिहिल्या आणि दाखवायला मिरजेला गेले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. वीस पानांची पुस्तिका, पण वाचायला दुपार लागली, कारण दर हुकूम त्या टेबलावर बोटांनी वाजवून बघत होत्या. मग म्हणाल्या, "माझं नाव काढ. मी काय केलं? मला आलं ते तुला दाखवलं. ज्यांनी केलं त्यांची नावं लिही, आणि त्या मुलांच्या केंद्राचं आधी लिही." मी वाद घातला. त्या म्हणाल्या, "पुस्तक तुझं, पण नाव माझं आहे ना?"

म्हणून पुस्तिकेच्या पहिल्या पानावर कुलुरिस, जॉय आणि मोलेनार आहेत, आणि त्याखाली किबालेची माहिती. ताईंचं नाव तिथे नाही. या लेखासाठी विचारलं तेव्हाही त्यांनी ते घालू दिलं नाही, 'ताई' एवढंच लिही म्हणाल्या. दुसरी एक दुरुस्ती त्यांनी सुचवली ती मी लगेच केली. एक्सची कळ मी पहिल्या प्रकरणात घेतली होती, ती त्यांनी शेवटच्या प्रकरणात ढकलायला लावली. पहिल्या प्रकरणात आता शब्द आहे.